विमानतळाचे दार आणि आपले नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला काहीतरी भारदस्त विषय असावा, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. आतापर्यंत या जागेवरून संस्कारांवर बोलणे झाले, आरोग्यावर झाले, मुलांच्या अभ्यासावर झाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा चिटणीसबाईंनी विषय विचारला त्या वेळी मी सांगून टाकले, की विमानतळावर कोणते ओळखपत्र चालते आणि कोणते चालत नाही, एवढ्यावरच मी बोलेन. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा काय भाषणाचा विषय झाला? ही तर सूचना झाली. फळ्यावर लिहून टाकू." मी म्हटले, "फळ्यावर मावायची नाही."

आपणांस ठाऊकच आहे, की यंदा मंडळाची यात्रा विमानाने निघायची आहे. पुण्याहून दिल्लीपर्यंत विमान आणि पुढे आगगाडीने हरिद्वार. तिकिटे काढण्यासाठी नावांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी मंडळाचे हजेरीपुस्तक काढून बसले. पाहते तो काय, गिरणीवाल्या वहिनी, पोस्टातल्या काकू, वरच्या मजल्यावरच्या ताई, मास्तरीणबाई, अशीच सारी नावे! वर्षानुवर्षे आपण एकमेकींच्या हातचे तिळगूळ खाल्ले, एकमेकींच्या बाळंतपणांना धावलो, आणि निम्म्या जणींची खरी नावे आपल्या पुस्तकात नाहीत. विमान कंपनी काही गिरणीवाल्या वहिनींना तिकीट देत नाही. म्हणून मी घरोघर जाऊन विचारू लागले, "बाई, तुमच्या कार्डावर नाव काय आहे?" तर पुष्कळ जणींचे उत्तर एकच. "यांना विचारून सांगते."

तेव्हाच माझ्या मनात आले, की बोलायचे तर यावरच बोलावे.

आता तुम्ही म्हणाल, नावाचे एवढे काय घेऊन बसलीस? तर एक जुनी हकिकत सांगते. १९५१-५२ साली स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक झाली. सुकुमार सेन हे त्या वेळी मुख्य निवडणूक आयुक्त होते. मतदारांच्या याद्या करणारे लोक घरोघर गेले, तेव्हा उत्तरेकडच्या प्रांतांतील कितीतरी बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहून दिले. सेनसाहेबांनी ठरविले, की असे चालायचे नाही; जिचे मत तिचे नाव. परिणाम असा झाला, की सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून वगळावी लागली. मत होते, पण नाव नाही म्हणून देता आले नाही. या गोष्टीला सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. आणि आपले हजेरीपुस्तक अजून तिथेच आहे.

असो. आता विमानतळावर चला.

विमानतळाच्या दाराशीच बंदूकधारी जवान उभा असतो. त्याच्या एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला काचेचे दार. त्याला दोन गोष्टी दाखवायच्या, तिकीट आणि ओळखपत्र. तिकीट कागदावर छापलेले असो की मोबाईलवर असो, चालते. तो तिकिटावरचे नाव वाचतो, कार्डावरचे नाव वाचतो, कार्डावरचा फोटो पाहतो आणि मग आपल्या तोंडाकडे पाहतो. चारही जुळले की आत सोडतो. हे जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे असतात. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीस येणारे आपले विमान पळवून कंदाहारला नेले होते, ते तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांची राखण या दलाकडे देण्यात येऊ लागली. म्हणून जवानाने कार्ड उलटसुलट करून पाहिले तर रागावू नये. आपल्याच जिवाची काळजी आहे ती. पुढे अंगझडती होते, ती बायकांची बायकाच घेतात आणि पडद्याआड घेतात. तेव्हा त्याची भीती नको.

कोणते ओळखपत्र चालते याविषयी पूर्वी फार घोळ होत असे. एक सांगे हे चालते, दुसरा सांगे ते चालत नाही. म्हणून विमानांच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये दहा प्रकारांची यादीच काढून दिली. त्या दहांपैकी कोणतेही एक पुरते. दोन नकोत, तीन नकोत, आणि आधारच पाहिजे असेही नाही. मात्र ते मूळ हवे आणि त्यावर आपला फोटो हवा.

ही दहा नावे मी स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखी पुढे मांडते आणि त्यातले आपल्या घरी काय आहे ते आपण पाहू.

पहिला पासपोर्ट. आपल्यापैकी ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्याकडे असेल, बाकीच्यांकडे नाही. गाडी चालविण्याचे लायसन. स्कूटर चालविणाऱ्या मुलींकडे ते असते, आपल्या वयाच्या किती जणींकडे आहे ते तुम्हीच हात वर करून सांगा. नोकरीचे ओळखपत्र. सरकारी कचेरीचे, सरकारी उद्योगाचे, नगरपालिकेसारख्या संस्थेचे किंवा खाजगी कंपनीचे. आपण जन्मभर नोकरी करतो ती जिथे, तिथले ओळखपत्र कोणी देत नाही! विद्यार्थ्याचे ओळखपत्र. कॉलेजातल्या मुलीला तिचे कार्ड चालते, हे लक्षात ठेवा. पुष्कळांना ते माहीत नसते. निवृत्तिवेतनाचे फोटो असलेले कार्ड किंवा कागद. मालकांच्या माघारी ज्या भगिनींना कुटुंबाचे निवृत्तिवेतन मिळते, त्यांच्या नावाचा असा फोटोसह कागद असतो. तो जपून ठेवावा. अपंगत्वाचे फोटोसह ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र.

हे सहा झाले. राहिले चार, आणि आपला सगळा संसार या चारांत आहे. मतदार कार्ड, आधार कार्ड, पॅन कार्ड आणि फोटो लावलेले बँकेचे पासबुक.

पासबुकाचे नीट ऐका. यादीत राष्ट्रीयीकृत बँकेचे पासबुक आहे. आपल्यातल्या बहुतेकींची बचत पतसंस्थेत नाहीतर गावच्या सहकारी बँकेत. पैसे तिथे ठेवायला माझी ना नाही, पण त्या पासबुकावर विमानात बसता यायचे नाही. आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे असले तरी त्यावर फोटो हवा. नुसते नाव आणि जमाखर्च असून भागत नाही.

रेशन कार्ड यादीत नाही. हे मी दोनदा सांगते, कारण घरोघर फिरताना तीन जणींनी मला मोठ्या विश्वासाने रेशन कार्डच काढून दाखविले. आपल्या आयांच्या काळी सगळ्या कामांना तेच लागे, त्यामुळे आपल्या मनात तो कागद फार मोठा आहे. साखरेला चालेल, विमानाला नाही. एस्. टी.त तर १७ मार्च २०२३ पासून बाई आहे एवढ्यावर अर्धे तिकीट मिळू लागले, कोणी कागद विचारीत नसे. त्या सवयीने विमानतळावर जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

झेरॉक्सही चालत नाही. आणि मोबाईलमध्ये कार्डाचा नुसता फोटो काढून ठेवलेला असतो, तो म्हणजेसुद्धा झेरॉक्सच. मोबाईलवर आधार दाखवायचे तर आधारच्या सरकारी ॲपमधले किंवा डिजिलॉकरमधले दाखवावे लागते. त्याचे पुढे सांगते, त्यात एक मोठी गोम आहे.

आता नावाकडे येते, कारण खरी अडचण तिथेच आहे. पुरुषाचे नाव बारशाला ठेवतात ते शेवटपर्यंत टिकते. आपले तसे नसते. लग्नात ताटभर तांदूळ पसरले, सोन्याच्या अंगठीने त्यावर नवे नाव लिहिले, पेढे वाटले, आणि माहेरची शकुंतला सासरी सुधा झाली. ते हौसेचे होते, मी त्याला नावे ठेवीत नाही. पण तांदळावर लिहिलेले नाव कागदावर गेले की नाही, हे कोणी पाहिले? शाळेच्या दाखल्यावर शकुंतला, मतदार कार्डावर सुधा, बँकेत शकुंतला पण आडनाव सासरचे, आणि दारात सगळे हाक मारतात ती माई. पुण्याला असलेला मुलगा मोठ्या प्रेमाने आईचे तिकीट काढतो आणि त्यावर सुधा लिहितो. आई निघताना हाताला येईल ते कार्ड घेते, त्यावर असते शकुंतला. जवानाला कसे कळावे, की या दोघी एकच? त्याने तरी काय करावे?

म्हणून तिकीट काढणाऱ्याला तोंडी नाव सांगू नये. जे कार्ड बरोबर नेणार तेच त्याच्या पुढ्यात ठेवावे आणि त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून घेण्यास सांगावे. इंग्रजी अक्षरेसुद्धा. एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले असेल तर आधी कळविल्यावर विमान कंपनी दुरुस्त करून देते. पण सबंध नावच निराळे असेल तर ते म्हणतात, हे तिकीट दुसऱ्याच बाईचे आहे.

लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे, असा कायदा नाही. हे काही भगिनींना नवल वाटेल. माहेरचे नाव ठेवायचे तर ठेवा, सासरचे घ्यायचे तर घ्या. पण सगळ्या कागदांवर एकच येईल असे पाहा. बदलायचे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आणि आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळते, तेव्हा विचार करून बदलावे. माझ्या मते तर ज्या नावावर बँकेचे खाते आणि घराचा कागद आहे, त्याच नावावर बाकीचे आणावे. नुसत्या हौशीने नवे नवे करीत बसू नये.

आता ती गोम. त्यासाठी एका भगिनीची हकिकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. तिचे माहेर नागपूरचे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी भावाचा फोन आला, की आईचे काही खरे नाही, असशील तशी नीघ. पुण्याहून रात्रीच्या विमानात जागा होती. भाच्याने तिकीटही काढून ठेवले. बाईने चार लुगडी पिशवीत भरली आणि कार्ड शोधू लागली. घरातली सगळी कार्डे, तिची आणि मुलांचीसुद्धा, मालकांच्या कपाटात. कपाटाला कुलूप, आणि किल्ली मालकांच्या खिशात. मालक कामानिमित्त दूरगावी गेलेले. हे कोणी दुष्टपणाने केलेले नव्हते बरे. बायकोला कशाला त्रास, कागदपत्रे आपण सांभाळू, अशी त्या गृहस्थांची चांगलीच भावना. भाचा म्हणाला, मावशी, घाबरू नकोस, मोबाईलवर आधार काढू. मोबाईलवर आधार काढायचे तर एक गुप्त आकडा येतो. तो ज्या मोबाईलचा नंबर आधारला जोडलेला असेल त्यावर येतो. तिच्या आधारला नंबर जोडलेला होता तो मालकांचा, आणि मालकांचा फोन त्या वेळी बंद.

विमान गेले. ती रात्रीच्या गाडीने निघाली. दीड तासाचा मार्ग, तिला रात्रभर आणि वर सकाळ लागली. दारात पोहोचली तेव्हा आईला अंगणात आणून ठेवले होते.

ती बाई मला म्हणाली, "मला राग कोणाचाच नाही. पण माझे तोंड, माझे नाव, आणि ते माझे आहे हे सांगायला मला दुसऱ्याची किल्ली लागली, एवढे डोक्यातून जात नाही." मी तिला काही उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हते.

मैत्रिणींनो, आपण उखाण्यात त्यांचे नाव घेतो. हौसेने घेतो, चांदीच्या ताटापासून सुरू करून घेतो. मी काही उखाणे बंद करा म्हणत नाही. पण आपले नाव ज्या कार्डावर आहे ते आपल्या डब्यात, आपल्या हाताला येईल असे असायला काय हरकत आहे? हळदकुंकवाचा करंडा आपण दुसऱ्याच्या कपाटात ठेवतो काय?

तेव्हा दोन कामे करावी. एक, निदान एक मूळ कार्ड स्वतःजवळ ठेवावे. दुसरे, आधारला स्वतःचा मोबाईल नंबर जोडून घ्यावा. ते काम आधार केंद्रावर होते. तिथे बोटांचे ठसे घेतात, म्हणून स्वतः जावे लागते. मालकांना पाठवून होत नाही, हे एका परीने बरेच आहे. ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही, त्यांनी मुलाचा नाहीतर सुनेचा द्यावा, पण जो घरात असतो त्याचा द्यावा. भांडीवाल्या किंवा पोळ्या करणाऱ्या बायका आपल्याकडे येतात, त्यांनाही हे सांगावे. त्यांच्यापैकी पुष्कळ जणी आपली कार्डे आपल्या पिशवीतच बाळगतात, असे मी पाहिले आहे. या बाबतीत त्या आपल्यापेक्षा शहाण्या आहेत.

आणि आधार म्हणजे काही पुरुषांची वस्तू नव्हे. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले, आणि ते दिले रंजना सोनवणे या बाईंना. पहिला मान बाईचा!

मुलांविषयी विचारतात म्हणून सांगते. आईबापांबरोबर जाणाऱ्या लहान मुलांना वेगळे ओळखपत्र लागत नाही, आईबापांचे पुरते. पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाचे तिकीट निराळ्या दराचे असते, तेव्हा त्याच्या वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला बरोबर असावा. नातवाला घेऊन निघणाऱ्या आजींनी हे विसरू नये.

दहांपैकी काहीच नसेल तर? त्यालाही सोय ठेवली आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या गट अ राजपत्रित अधिकाऱ्याने आपल्या कचेरीच्या कागदावर, फोटोसह, ही बाई अमुक आहे असे लिहून दिले तर ते चालते. पण असा अधिकारी गाठायचा, त्याची सही घ्यायची, त्यापेक्षा डबा शोधणे सोपे. चेहरा दाखवून आत जाण्याची डिजियात्रा नावाची नवी तऱ्हाही २०२२ च्या डिसेंबरपासून निघाली आहे, आणि पुण्यास ती २०२३ मध्ये आली. ती ऐच्छिक आहे. नातवंडे करून देत असतील तर करावी, पण मूळ कार्ड तरीही पिशवीत असू द्यावे. परदेशी जायचे तर पासपोर्टच लागतो. फक्त नेपाळ आणि भूतान या दोन देशांना आपले मतदार कार्ड चालते. पशुपतिनाथाला जाण्याचा कोणाचा विचार असेल तर त्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि आधारच्या भरवशावर निघू नये.

आता आपल्या यात्रेविषयी. यादीत अजून सात जागा कोऱ्या आहेत, कारण सात जणींचे "यांना विचारून" झालेले नाही. येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत सगळ्यांनी आपापली कार्डे घेऊन यावे. घरचे मालक आणून देतो म्हणाले तरी त्यांना पाठवू नये, स्वतः यावे. प्रत्येकीने आपल्या कार्डावरचे नाव मोठ्याने वाचायचे आणि मी ते लिहून घेणार. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशेजारी मी बसेन. हजेरीपुस्तकही त्याच दिवशी नवे करू. चिटणीसबाईंनी दोनशे पानी वही आणून ठेवली आहे. इंग्रजी अक्षरे फार बारीक असतात, तेव्हा चष्मा आणायला विसरू नका. चहा मंडळाचा.